नाक मोजून जात सापडत नाही

आमच्या हिवरखेडच्या उत्तरेला सातपुड्याची रांग आणि तिच्या पलीकडे मेळघाट. बाजाराच्या दिवशी डोंगरातले कोरकू बांधव खाली उतरतात. मीटरगेज गाडी चालत होती तोवर वान रोड, धूळघाटकडची माणसे डब्यात टोपल्या घेऊन यायची. तीच लाईन पुढे खंडव्यावरून महूला जायची, त्यामुळे एप्रिल महिन्यात निळे झेंडे आणि कोरकूंच्या टोपल्या एकाच बाकावर दिसत. आपण त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोलतो, तेही तसेच उत्तर देतात. आपापसात ते काय बोलतात हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी कान देऊन ऐकले असेल.

वाचकहो, एकदा ऐका. कोरकूत तीनला ‘अफई’ आणि चारला ‘उफून’ म्हणतात. झारखंड-बंगालमधले संथाळ तीनला ‘पे’ आणि चारला ‘पोन’ म्हणतात. पार व्हिएतनाममध्ये तीन म्हणजे ‘बा’ आणि चार म्हणजे ‘बोन’. कोरकू भाषेत माणसाला ‘कोरो’, त्याचे अनेकवचन ‘कोरकू’. मुंडारीत माणसाला ‘होडो’ म्हणतात. या सगळ्या एकाच कुळातल्या भाषा आहेत आणि त्या कुळाचे पश्चिमेकडचे शेवटचे टोक म्हणजे आपला सातपुडा. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सुमारे ७ लाख भरले.

हिवरखेडहून पश्चिमेला निघाले की बुलडाणा जिल्ह्यातला जळगाव जामोद तालुका लागतो. तिथल्या डोंगरपायथ्याच्या काही वाड्यांत निहाली बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आतबाहेर असतील. या भाषेचे कूळ जगात कुणालाच लावता आलेले नाही. तिच्यात कोरकू शब्द भरपूर आहेत. दोन, तीन, चार हे आकडे द्राविडी वळणाचे आणि पाचपासून पुढे हिंदी-मराठीसारखे. तरीही खाली उरतो तो शब्दसंग्रह कुठल्याच भाषेशी जुळत नाही. कायपर नावाच्या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. आपल्या शेजारच्या तालुक्यातल्या भाषेवर हॉलंडमध्ये पुस्तक निघते आणि आपल्याला तिचे नावही माहीत नसते!

शिवाय यवतमाळकडे गोंडी आणि कोलामी आहेत. त्या तामीळ-तेलुगूच्या कुळातल्या. आणि आपली मराठी संस्कृत-पालीच्या कुळातली. म्हणजे एस.टी.ने एक-दोन दिवसांत फिरून होईल एवढ्या वऱ्हाडात तीन भाषाकुळे आणि एक बिनकुळाची भाषा. यावरून एवढे तरी कळावे की इथे माणसे एकदाच आली नाहीत आणि एकाच वाटेनेही आली नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. गेली अनेक वर्षे आमच्या भागात प्रबोधन शिबिरे होतात. त्यांत एखादा वक्ता फळ्यावर आकडे मांडतो : ८५ टक्के मूळनिवासी, १५ टक्के परदेशी. मग डी.एन.ए.चा दाखला देतो. पोरे टाळ्या वाजवतात. घरी येऊन हीच पोरे वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर ‘मुलगी गोरी हवी’ असे लिहितात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कुणी विचारील. आमच्या मते संबंध आहे. दोन्हींच्या मुळाशी माणसाच्या कातडीवरून आणि रक्तावरून त्याची किंमत ठरवायची जुनी खोड आहे, आणि ती आपल्याला आपल्याच शत्रूंनी लावलेली आहे.

हे नाक-कान मोजण्याचे शास्त्र आणले इंग्रजांनी. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते हर्बर्ट रिस्ले. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, असा त्यांचा हिशेब. याला नासिका निर्देशांक म्हणत. आकडा लहान म्हणजे नाक चाफेकळी, आकडा मोठा म्हणजे नाक बसके. नाक जितके बारीक तितकी जात वरची, असा रिस्लेसाहेबांचा सिद्धान्त. म्हणजे वरच्या जाती आर्य वंशाच्या, खालच्या अनार्य, आणि दोघांत नाकाएवढे अंतर.

या सिद्धान्ताची पहिली नीट तपासणी केली ती मालवणच्या माणसाने. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे प्राध्यापक गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात प्रांताप्रांतांचे आकडे मांडले आणि दाखवले की उत्तर हिंदुस्थानचा एक भाग सोडला तर जातीची उतरंड आणि नाकाची उतरंड यांचा मेळ बसत नाही.

आम्ही बी.कॉम.ला संख्याशास्त्र शिकलो, ते बहुतेक विसरलो. पण एक गोष्ट डोक्यात बसली आहे. सरासरी हा आकडा असतो, माणूस नसतो. दोन गटांच्या सरासरीत एक-दोनचा फरक असेल आणि प्रत्येक गटाच्या आत वीस-पंचवीसचा पसरा असेल, तर त्या सरासरीवरून समोरच्या माणसाचा गट ओळखता येत नाही. रिचर्ड लेवॉन्टिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७२ साली जगभरच्या लोकांच्या रक्तातल्या घटकांचा असाच हिशेब केला. माणसामाणसांतला जो काही आनुवंशिक फरक आहे त्यातला सुमारे ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच सापडतो, असे निघाले. शिबिरातल्या फळ्यावर ८५ चा आकडा लिहायचाच असेल तर हा लिहावा.

आता बाबासाहेबांकडे वळू. त्यांना मानववंशशास्त्र नवे नव्हते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय २५. त्याच विद्यापीठात फ्रान्झ बोआस शिकवीत होते. बोआस यांनी १९११ साली न्यूयॉर्कमधल्या सुमारे १८ हजार स्थलांतरित माणसांची मोजमापे प्रसिद्ध केली होती. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार त्यांच्या आईबापांपेक्षा वेगळा निघाला! अन्न बदलले, हवा बदलली, तशी कवटीही बदलली. जी कवटी एका पिढीत बदलते ती हजारो वर्षांच्या वंशाची साक्ष कशी देणार?

त्या निबंधात बाबासाहेबांनी काय म्हटले हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. भारतातले लोक आर्य, द्राविड, मंगोल, शक अशा अनेकांच्या मिश्रणातून बनले आहेत, हे त्यांनी गृहीत धरूनच सुरुवात केली. मिसळ आधी झाली. नंतर त्या मिसळलेल्या समाजात गटागटांनी आपली दारे लावून घेतली, पोटीबेटी बंद केली, आणि ती बंद दारे म्हणजेच जात. जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे, हे त्यांचे निदान. पुढे १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी आणखी सरळ सांगितले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एका वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परया एका वंशाचे. पंजाब आणि मद्रासचे ब्राह्मण मात्र वंशाने एक नाहीत.

१९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधावर त्यांचा ग्रंथ निघाला. अस्पृश्यता वंशभेदातून आली, असे स्टॅन्ली राइस नावाचे इंग्रज लेखक म्हणत होते. बाबासाहेबांनी घुर्यांच्याच ग्रंथातले नाकांचे आकडे घेतले आणि त्या आकड्यांवरून उलट निष्कर्ष काढून दाखवला. ब्राह्मणाला जो वंश लावाल तोच अस्पृश्याला लावावा लागेल. आर्य म्हणा, द्राविड म्हणा, नाग म्हणा. मग त्यांनी आपल्या ओळखीचा एक पुरावा पुढे केला. महाराष्ट्रात मराठ्यांची जी कुळे आहेत तीच महारांत आहेत. पंजाबात जाटांची जी गोत्रे आहेत ती चांभारांतही आहेत.

हा पुरावा तपासायला पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात जायची गरज नाही. कुठल्याही कचेरीतला आमच्यासारखा कारकून तो रोज पाहतो. अर्जांच्या गठ्ठ्यात वानखडे निघाला तर तो कुणबी असेल, माळी असेल किंवा बौद्ध. तायडे कुणबी असेल किंवा बौद्ध. इंगळे तर कुठल्या रकान्यात टाकावा हे दाखला पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. अर्जदार समोर उभा असला तरी चेहऱ्यावरून कळत नाही. नाही तर जातीच्या दाखल्यासाठी तीन पिढ्यांचे कागद कशाला मागितले असते? नाक मोजून काम भागले असते.

इथे एका विदुषीचे नाव घेतलेच पाहिजे. इरावती कर्वे १९२७ ते १९३० या काळात बर्लिनला होत्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगन फिशर, ज्यांच्या विचारांचा पुढे हिटलरच्या राजवटीने वापर केला. कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते. ही विषमता गोऱ्यांत वेगळी आणि इतरांत वेगळी असते असे गुरूचे गृहीतक होते. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशागणिक तसा फरक मिळत नाही असा निष्कर्ष लिहून दिला. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी जातिजमातींची मोजमापे घेतली. १९६८ साली कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. दर्जा एक, धर्म एक, जातीचे नाव एक, पण शरीराने हे आठ गट एकमेकांपासून वेगळे निघाले. एका जातीचे लोक म्हणजे एका पूर्वजाची लेकरे, ही समजूत वरच्यांच्या बाबतीतही टिकली नाही.

मग डी.एन.ए. काय सांगतो? शिबिरात ज्याचा दाखला देतात तो निबंध २००१ सालचा, अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाच्या मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांचा. आंध्रातल्या तेलुगू भाषक जातींचा तो अभ्यास होता. वरच्या जातींत पितृवंशाकडून युरोपशी जवळीक जास्त आणि खालच्या जातींत कमी, असे त्यात आहे. पण हा फरक कमीजास्त प्रमाणाचा आहे. एक गट सगळा बाहेरचा आणि दुसरा सगळा इथला, असे त्यात कुठेही नाही.

त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राचे लालजी सिंग आणि थंगराज यांनी अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर २००९ आणि २०१३ साली जे संशोधन प्रसिद्ध केले ते प्रत्येक कार्यकर्त्याने माहीत करून घ्यावे. आजचे बहुतेक भारतीय दोन जुन्या लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत. एक पश्चिम आणि मध्य आशियाकडे नाते सांगणारा, दुसरा इथला जुना. प्रमाण जातीजातीत, प्रांताप्रांतात बदलते. पण भारताच्या मुख्य भूमीवर तपासलेला एकही गट बिनमिश्रणाचा सापडला नाही. वर राहिलेले नाहीत, खाली ढकललेले नाहीत, डोंगरातले भिल्लसुद्धा नाहीत. ही मिसळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली. आणि मग थांबली! गटागटांनी बेटीव्यवहार बंद केला. २०१६ साली बंगालमधल्या शास्त्रज्ञांनीही वेगळ्या हिशेबाने हेच सांगितले. वरच्या जातींतली दारे सुमारे ७० पिढ्यांपूर्वी बंद झाली.

आधी मिसळ, नंतर बंदी. बाबासाहेबांनी १९१६ साली, प्रयोगशाळा नसताना, केवळ समाजाच्या रचनेवरून जो क्रम मांडला तोच क्रम ९७ वर्षांनी रक्ताच्या थेंबात सापडला. आम्हाला यात जो आनंद वाटतो तो ८५ आणि १५ च्या फळ्यात कधी वाटला नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी आर्य बाहेरून आले हा सिद्धान्त नाकारला होता. २०१९ साली दोन मोठे निबंध निघाले. एक डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकारी यांचा, हरियाणातल्या राखीगढीच्या सांगाड्यांवरचा. साठाहून अधिक नमुन्यांपैकी एकाच बाईच्या कानाच्या हाडातून डी.एन.ए. मिळाला. ती सिंधू संस्कृतीच्या भरभराटीच्या काळातली, आणि तिच्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाचा अंश नाही. दुसऱ्या निबंधाने दाखवले की तो अंश इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या सुमारास भारतात आला आणि पौरोहित्य सांभाळणाऱ्या काही गटांत तो जास्त आहे. म्हणजे काही माणसे भाषा घेऊन आली हे मानावे लागते. बाबासाहेबांचा ग्रंथ यामुळे उणा ठरत नाही. १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनीच म्हटले आहे की आपले प्रतिपादन अंतिम असल्याचा त्यांचा दावा नाही. पुराव्यापुढे मान लववणे हे आपण त्यांच्याकडूनच शिकलो.

पण ‘ते बाहेरचे’ म्हणणाऱ्यांनी पुढचाही प्रश्न विचारावा. त्यांच्या आधी आलेले कुठून आले? कोरकूंच्या कुळातल्या लोकांत पितृवंशाचा मोठा भाग आग्नेय आशियाकडचा आणि मातृवंश जवळजवळ सगळा इथला. म्हणजे तिकडून पुरुष आले आणि इथल्या बायांशी त्यांचे संसार झाले. त्यांच्याही आधीचे आफ्रिकेतून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने आले असावेत. हिवरखेडच्या बाजारात ‘मूळ’ म्हणून कुणावर बोट ठेवणार? आपले भांडण कुणाच्या आजोबांच्या मुक्कामाशी नाही, ते विषमतेशी आहे. आज आलेला माणूस समतेने वागत असेल तर तो आपला, आणि चार हजार वर्षांपासून इथे राहून शेजाऱ्याला विहिरीवर येऊ देत नसेल तर त्याचा मूळनिवासाचा दाखला आपल्याला काय कामाचा?

आता गोऱ्या मुलीचे. कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. ते बनवणाऱ्या पेशी काळ्या-गोऱ्यांत जवळजवळ सारख्याच असतात. द्रव्य कमीजास्त बनते इतकेच. जिथे ऊन कडक तिथे गडद कातडी शरीराचे रक्षण करते, जिथे ऊन कमी तिथे फिकट कातडी सोयीची. वऱ्हाडातल्या मे महिन्यात कुणाची सोय कशात आहे हे सांगायला नको. रंग उजळ करणारा एक जनुक-बदल आहे. तो युरोपियनांत आणि आपल्यात एकाच मूळ पूर्वजाकडून आलेला आहे, आणि तो दक्षिणेकडच्या सावळ्या लोकांतही सापडतो. म्हणून तर एकाच आईची एक लेक उजळ आणि दुसरी सावळी असते. १९७५ साली बाजारात आलेल्या त्या गोरेपणाच्या क्रीमच्या कंपनीने २०२० साली नावातला गोरा शब्द काढून टाकला. आमच्या वधू-वर फॉर्मवरून तो अजून गेला नाही.

आणि फॉर्मवर जो रकाना हवा तो नाही. तो आहे सिकलसेलचा.

विदर्भातल्या आपल्या समाजात आणि गोंड, परधान यांसारख्या आदिवासींत हा आजार पुष्कळ आहे. १९५८ सालीच नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिले होते. कुणबी, तेली समाजातही रुग्ण सापडतात. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, हाडे-सांधे ठणकतात, मूल वारंवार आजारी पडते, रक्त कमी होते. पूर्वी अशा पोराला ‘बाहेरचं लागलं’ म्हणून भगताकडे नेत. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हा गुण टिकला, कारण एकाच पालकाकडून तो आला तर मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणून तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे आणि गोऱ्यापान ग्रीक लोकांतही आहे. त्याला वंश कळत नाही, डबक्यातला डास कळतो.

एका पालकाकडून आला तर माणूस वाहक, म्हणजे ए.एस. त्याला सहसा काही त्रास नसतो, आयुष्यभर कळतही नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता की मूल एस.एस., म्हणजे रुग्ण होईल. दोघांपैकी एकाचे रक्त ए.ए. असेल तर मूल रुग्ण होत नाही. हा हिशेब चौथीच्या पोराला कळेल असा आहे. पण घरोघरी काय दिसते? मूल आजारी निघाले की सासू सुनेच्या माहेराकडे बोट दाखवते. एस.एस. मूल व्हायला बापाकडूनही तेवढाच वाटा लागतो, हे तिला कुणी सांगत नाही.

दारे बंद केल्याचा दंड हाच. गट जितका लहान आणि लग्ने जितकी आतल्या आत, तितके दोन वाहक एकत्र येण्याचा संभव जास्त. २०१७ साली अडीचशेहून अधिक दक्षिण आशियाई गटांच्या तपासणीत ८१ गट असे निघाले की त्यांची आनुवंशिक कोंडी फिनलंडच्या लोकांपेक्षाही घट्ट आहे. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात काहींना शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेले एक औषध उतरतच नाही, हे याच कोंडीचे उदाहरण. आणि आपण? धर्मांतराला १९५६ पासून इतकी वर्षे झाली, तरी सोयरीक जमवताना जुनी माणसे हळूच विचारतात, सोमवंशी की लाडवण, बावणे की कोसरे? साडेबारा पोटजातींची ही दारे आतून कुणी लावली?

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट. आधी बोटाच्या थेंबाची सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने वाहक की रुग्ण ते ठरते. रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांनी पुष्कळ आराम पडतो, मात्र हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये.

वधू-वर मेळावे भरवणाऱ्या मंडळांना आमची विनंती आहे. यंदाचा फॉर्म छापायला देण्यापूर्वी ‘वर्ण’ हा रकाना खोडा आणि त्या जागी ‘सिकलसेल तपासणी : ए.ए. / ए.एस. / एस.एस., तारीख’ असा रकाना घाला. वाहक मुलामुलींचे लग्न अडवायचे नाही, फक्त दोन वाहकांनी विचार करून, डॉक्टरांना भेटून निर्णय घ्यावा. पोटजातीचा रकाना कुठे छापला असेल तर तोही काढा. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी या स्तंभाच्या नावाने पत्र टाकावे, आम्ही टाइप करून पाठवू.